एकाही मोसमात ५० होमरन नाहीत, कारकिर्दीत मात्र ७५५: हँक ॲरन आणि बेसबॉलमधले इतर मोठे लोक

आकडेमोड (धागाकर्ता)

ऑक्टोबर आला की वर्ल्ड सिरीजच्या निमित्ताने इथे बेसबॉलवर चार-दोन प्रतिसाद पडतात आणि मग वर्षभर शांतता. म्हणून हा वेगळा धागा काढतोय. विषय एकच, कारकीर्द. एखादा झंझावाती मोसम नाही. पंधरा-वीस वर्षं खेळून माणूस थांबला की त्याच्या नावावर जे उरतं, त्याबद्दल बोलू या.

माझं मत आधीच सांगतो. बेब रूथ सगळ्यात लोकप्रिय असेल, टेड विल्यम्सचा फटका सगळ्यात देखणा असेल, पण अख्खी कारकीर्द तराजूत घातली तर हँक ॲरनच्या तोडीचं मला कोणी दिसत नाही.

क्रिकेटवाल्यांसाठी दोन गोष्टी. मोसमात १६२ सामने असतात (पूर्वी १५४ असत) आणि सहा महिने जवळजवळ रोज खेळावं लागतं. मैदानात फटका मारून बॅटर सुखरूप बेसवर पोचला की ती हिट (चार बेसेसची फेरी मारून होमप्लेटवर, म्हणजे घरी, परत आलं की एक धाव). दहा वेळा बॅटिंगला येऊन तीन हिट मिळाल्या तर सरासरी .३००, आणि ती उत्तम समजतात. म्हणजे या खेळातला चांगला बॅटरसुद्धा दहातल्या सात वेळा हात हलवत परत येतो. चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला की होमरन.

ॲरन १९३४ साली अलाबामातल्या मोबील शहरात जन्मला. घरची गरिबी होती. काठ्या आणि बाटल्यांची झाकणं घेऊन तो खेळायला शिकला. हाताला धरून शिकवणारं कोणी नव्हतं, त्यामुळे बॅट उलट्या हातांनी धरायचा. उजव्या हाताच्या बॅटरचा उजवा हात वर असतो, याचा डावा वर. मनगटं मोडून घ्यायची ही पद्धत, पण तशी बॅट धरूनच तो १९५२ मध्ये इंडियानापोलिस क्लाउन्स या कृष्णवर्णीयांच्या संघात पोचला. पुढे पकड सुधारली आणि १९५४ मध्ये तो मिलवॉकी ब्रेव्ह्जकडून मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमध्ये उतरला. तिथून १९७६ पर्यंत, २३ मोसम.

आता आकडे बघा. त्याचा सर्वोत्तम मोसम १९७१ चा, ४७ होमरन. पन्नाशी त्याने एकदाही गाठली नाही. पण १९५५ ते १९७४ अशी सलग वीस वर्षं दरवर्षी किमान २० होमरन! आणि मला सगळ्यात जास्त थक्क करणारा आकडा वेगळाच आहे. त्याच्या एकूण हिट्स ३७७१. त्यातून ७५५ होमरन वजा केले तरी ३०१६ उरतात. ३००० हिट्स ही हॉल ऑफ फेमची (बेसबॉलमधल्या थोरांच्या सन्मानयादीची) जवळजवळ हमी समजली जाते. होमरन सगळे पुसून टाकले तरी हा माणूस महान ठरतो.

टोटल बेसेस म्हणून एक हिशेब असतो, साध्या हिटचा एक, डबलचे दोन, ट्रिपलचे तीन, होमरनचे चार. ॲरनचे ६८५६. दुसऱ्या क्रमांकावर अल्बर्ट पुहोल्स, ६२११. हा विक्रम आजही अबाधित आहे. फटक्यांनी सहकाऱ्यांना आणि स्वतःला घरी आणलेल्या धावा २२९७, तोही विक्रम अजून त्याच्याच नावावर.

आणि हे सगळं कसल्या परिस्थितीत, तेही लिहायलाच हवं. १९७३ चा मोसम संपला तेव्हा तो ७१३ वर होता, रूथच्या ७१४ च्या विक्रमाला एक कमी. त्या हिवाळ्यात त्याला पत्रांच्या गोण्याच्या गोण्या येत होत्या. पुष्कळ कौतुकाच्या होत्या, पण एका गोऱ्या देवाचा विक्रम काळ्या माणसाने मोडू नये म्हणून जिवे मारण्याच्या धमक्याही होत्या. मुलांच्या जिवाची काळजी, सोबत अंगरक्षक, आणि अशात रोज उभं राहून ताशी नव्वद मैलांचा चेंडू बघायचा. १९७४ च्या पहिल्याच सामन्यात सिनसिनाटीला त्याने ७१४ गाठले. ८ एप्रिलला अटलांटात (ब्रेव्ह्ज तोवर तिथे हलले होते) चौथ्या इनिंगमध्ये डॉजर्सच्या अल डाउनिंगला मारलेला ७१५ वा. तो बेसेसना फेरी मारत असताना दोन तरुण पोरं कुंपण ओलांडून त्याच्या बाजूने धावू लागली. ती पाठ थोपटायला आली होती, पण त्या क्षणी त्याला ते कसं कळणार? होमप्लेटवर आईने त्याला जी मिठी मारली ती सुटता सुटेना.

तुमच्या मते कोण? का? सविस्तर लिहा.

सह्यकडा

धागा फार आवडला. वाचताना सचिन आठवत राहिला. कसोटीत त्याची सर्वोच्च खेळी नाबाद २४८, त्रिशतक एकही नाही. लाराच्या नावावर ३७५ आणि ४०० आहेत. पण २४ वर्षांनी थांबला तेव्हा ५१ शतकं आणि १५९२१ धावा. ॲरनचे ४७ आणि ७५५ हे अगदी त्याच जातीचे आकडे आहेत. आपल्याकडच्या माणसाला ॲरन समजावून सांगायला याहून सोपा रस्ता नाही.

पाऊसवेडी

लेख उत्तम, पण निष्कर्षाशी असहमत. ॲरनला ७५५ साठी १२३६४ ॲट-बॅट (बॅटिंगच्या खेपा) लागले. रूथने ७१४ मारले ते ८३९९ मध्ये. जवळजवळ चार हजारांचा फरक आहे! आणि रूथ आधी पिचर (म्हणजे गोलंदाज) होता, साधासुधा नव्हे, ९४ विजय आणि ४६ पराभव. १९१६ मध्ये रेड सॉक्सकडून त्याने नऊ इनिंगमागे (म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे) दोनपेक्षा कमी धावा दिल्या. अशा पिचरने पूर्णवेळ बॅटिंग घेऊन १९२७ मध्ये ६० होमरन मारावेत, ही गोष्ट सातत्याच्या पलीकडची आहे. सातत्य मोठंच, पण प्रतिभा नावाचीही एक गोष्ट असते.

अवांतर: १९३२ मध्ये ब्रॅडमन न्यूयॉर्कला गेला होता तेव्हा यांकी स्टेडियममध्ये त्याची आणि रूथची भेट झाली होती. दोघं एकत्र बसलेला फोटो जरूर शोधा.

आकडेमोड

पाऊसवेडी, ॲट-बॅटचा मुद्दा बिनतोड आहे. दर फटक्यामागे रूथच पुढे, त्यात वाद नाही.

पण रूथ ज्या लीगमध्ये खेळला तिथे कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. सॅचेल पेजसारखे पिचर त्याच काळात अमेरिकेत होते, फक्त दुसऱ्या लीगमध्ये. रूथचा त्यात दोष नाही, त्याने नियम केले नव्हते. ॲरनच्या वाट्याला मात्र बॉब गिब्सन, हुआन मारिचाल, सँडी कोफॅक्स असे सगळे आले, शिवाय रात्रीचे सामने आणि देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विमानप्रवास. आणि चाळिशीतही तो टिकला. बारा हजार वेळा उभं राहायला मिळणं हीच कमाई आहे, कारण चांगलं खेळणं थांबलं की दुसऱ्या दिवशी तुमची जागा दुसऱ्याला देतात.

दूरदेशी

सातत्याचा विषय निघाला आणि कॅल रिपकनचं नाव अजून नाही? मी बाल्टिमोरला शिकत होतो त्या काळातली गोष्ट, त्यामुळे जरा लांबण लावतो.

लू गेरिग सलग २१३० सामने खेळला होता. १९३९ मध्ये आजाराने शरीर साथ देईना तेव्हा तो स्वतःहून बाहेर बसला आणि दोन वर्षांत गेला. त्या आजाराला अमेरिकेत आजही त्याच्या नावाने ओळखतात. हा विक्रम मोडणं अशक्य, असं सगळे धरून चालले होते.

रिपकनची मालिका ३० मे १९८२ ला सुरू झाली. तो शॉर्टस्टॉप, म्हणजे मैदानातली सगळ्यात धावपळीची जागा. सहा फूट चार इंच उंचीच्या माणसाला ती झेपणार नाही असं तेव्हा बोललं जायचं. ६ सप्टेंबर १९९५ ला २१३१ वा सामना. मैदानामागे विटांची जुनी लांबलचक वखार आहे, तिच्या भिंतीवर दहा-दहा फुटी आकडे टांगलेले असायचे. साडेचार-पाच इनिंग झाल्या की सामना अधिकृत धरतात. तो क्षण आला आणि शेवटचा शून्य गळून पडला, खाली एक. २१३१. खेळ थांबला तो २२ मिनिटं. सहकाऱ्यांनी रिपकनला अक्षरशः ढकलून बाहेर काढलं आणि तो कुंपणाच्या कडेकडेने अख्ख्या मैदानाला फेरी मारत, प्रेक्षकांशी हात मिळवत गेला. आम्ही चौघं-पाचजण खोलीत टीव्हीपुढे होतो, त्यातल्या निम्म्यांना बेसबॉलचा गंध नव्हता, आणि सगळे उभे राहिलो होतो. त्याच सामन्यात त्याने होमरनही मारला, हे पुष्कळांना माहीत नसतं.

पुढे तो २६३२ पर्यंत गेला. २० सप्टेंबर १९९८ ला सामन्याआधी मॅनेजरला सांगितलं, आज मी नाही. दुखापत नाही, वाद नाही. समोरच्या यांकीजच्या खेळाडूंना उमगलं तसे ते बाहेर येऊन टाळ्या वाजवू लागले.

आता संघच खेळाडूंना ठरवून विश्रांती देतात. २६३२ मोडला जाणं मला तरी दिसत नाही.

मुळामुठा

सगळे टिकण्याबद्दल बोलताहेत, म्हणून मी मुद्दाम उलट बाजू मांडतो. सँडी कोफॅक्स. कारकीर्द बारा वर्षांची, आणि त्यातली पहिली सहा म्हणजे ३६ विजय, ४० पराभव. चेंडू प्रचंड वेगात, पण जाईल कुठे ते त्यालाही ठाऊक नाही. १९६१ च्या सरावात नॉर्म शेरी या कॅचरने (यष्टिरक्षकासारखा खेळाडू) त्याला सांगितलं की जोर थोडा कमी कर. एवढ्यानेच माणूस बदलला. पुढची सहा वर्षं १२९ विजय, ४७ पराभव. चार नो-हिटर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला अख्ख्या सामन्यात एकही हिट नाही. त्यातला १९६५ चा तर परफेक्ट गेम, सत्तावीसच्या सत्तावीस बॅटर बेसवर न पोचता बाद. त्याच वर्षी ३८२ स्ट्राइकआउट (बॅटरला तीन स्ट्राइकवर बाद करणं).

आणि हे सगळं कोपराच्या संधिवातासकट. सामना संपला की बर्फाच्या पाण्यात कोपर बुडवून बसायचा. १९६५ च्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना योम किप्पूर या ज्यूंच्या पवित्र दिवशी आला म्हणून तो खेळला नाही, पण सातव्या निर्णायक सामन्यात दोनच दिवसांच्या विश्रांतीवर उतरून एकही धाव दिली नाही. १९६६ मध्ये २७ विजय मिळवले, आणि हात कायमचा जाण्याआधी थांबायचं म्हणून तिसाव्या वर्षी निवृत्त झाला.

एकूण विजय फक्त १६५. एकूण आकड्यांच्या यादीत तो खूप खाली सापडेल. मग त्याची कारकीर्द लहान म्हणायची का? हॉल ऑफ फेमने म्हटलं नाही, ३६ व्या वर्षी आत घेतलं. इतक्या तरुण वयात दुसरं कोणीच तिथे गेलेलं नाही.

आकडेमोड

मुळामुठा, प्रतिसाद जपून ठेवावा असा. कोफॅक्सला मी लहान म्हणणार नाही. पण एक फरक जाणवतो. कोफॅक्सचं मोठेपण त्या सहा वर्षांत डोळ्यांना दिसत होतं, लोक त्याच्या सामन्याचा दिवस बघून तिकिटं काढायचे. ॲरनचं मोठेपण कोणाला दिसलंच नाही. विली मेज आणि मिकी मँटल न्यूयॉर्कमध्ये गाजत असताना तो मिलवॉकीत रोज आपलं काम करत होता. १९६०चं दशक सरेपर्यंत हा रूथच्या जवळ येतोय हे वर्तमानपत्रांच्याही नीट ध्यानात आलं नव्हतं. अशी कारकीर्द फक्त शेवटी बेरीज केल्यावरच दिसते, आणि म्हणून ती बेरीज आपण करायला हवी.

शाईपेन

बेरजेबद्दलच बोलायचं आहे. कोणाची बेरीज कोणी केली, हाही प्रश्न आहे.

जॉश गिब्सन हा निग्रो लीगमधला, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमधला, कॅचर. मे २०२४ मध्ये मेजर लीगने निग्रो लीगचे आकडे आपल्या अधिकृत नोंदीत घेतले आणि कारकिर्दीच्या सरासरीत टाय कॉबचा .३६७ खाली गेला, गिब्सन .३७२ वर पहिला. त्याचं निधन होऊन तेव्हा ७७ वर्षं झाली होती. जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तो गेला. कृष्णवर्णीयांवरचा मज्जाव मोडणारा जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला तो १५ एप्रिल १९४७ ला. तीन महिन्यांनी हुकलं.

काही लोक म्हणतात त्यांचे मोसम लहान होते, ६०-७० सामन्यांचे, मग तुलना कशी? सामने कमी होते कारण त्यांना मोठ्या लीगचं दार बंद होतं. ज्यांनी दार लावलं त्यांच्याच वहीतल्या सामन्यांची संख्या पुढे करून त्या माणसाला पुन्हा बाहेर ठेवणं मला पटत नाही.

सॅचेल पेजला दार उघडलं तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. १९४८, क्लीव्हलँड. त्याच वर्षी संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली. १९६५ मध्ये ५९ व्या वर्षी त्याने कॅन्सस सिटीकडून तीन इनिंग टाकल्या आणि एकच हिट दिली!

सह्यकडा

शाईपेन, +१. शब्दन् शब्द.

त्याच चालीवर टेड विल्यम्सचाही हिशेब मांडा. ५२१ होमरन दिसतात, पण १९४३ ते ४५ हे तीन मोसम दुसऱ्या महायुद्धात गेले आणि १९५२-५३ चा बहुतेक काळ कोरियात, लढाऊ वैमानिक म्हणून. तिथे त्याचं विमान गोळ्या लागून पेटलं होतं, तरी त्याने ते जमिनीवर उतरवलं. पंचविशीतली ऐन उमेदीची वर्षं गेलेली आहेत.

१९४१ च्या शेवटच्या दिवशी त्याची सरासरी .३९९५५ होती. नियमाने पूर्णांकन करून .४०० लिहिली गेली असती. मॅनेजरने बसायची मुभा दिली होती. तो फिलाडेल्फियात दोन्ही सामने खेळला, आठांत सहा हिट्स, आणि मोसम .४०६ वर संपवला. निग्रो लीगचे आकडे सोडले तर त्यानंतर आजतागायत कोणी .४०० गाठलेले नाहीत.

पाऊसवेडी

दोन नावं भरभर. रिकी हेंडरसन: बेस चोरणं म्हणजे पिचर चेंडू टाकत असताना पुढच्या बेसकडे पळ काढणं. याने १४०६ चोरले, दुसरा लू ब्रॉक ९३८. मधल्या फरकातच एका चांगल्या खेळाडूची कारकीर्द मावते. एकूण धावाही सर्वाधिक, २२९५. डिसेंबर २०२४ मध्ये गेला.

नोलन रायन: २७ मोसम, ५७१४ स्ट्राइकआउट, सात नो-हिटर, शेवटचा चव्वेचाळिसाव्या वर्षी. सर्वाधिक वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा बेस) दिल्याचा विक्रमही त्याचाच, २७९५. वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकदाही नाही. बाकी खुद्द साय यंगच्या ५११ विजयांची चर्चाच नको, आता पिचर पाच-सहा दिवसांनी एकदा उतरतो, तिथपर्यंत कोणी पोचणारच नाही.

कट्टेकरी

बेसबॉल फार बघत नाही, पण धागा एका बैठकीत वाचला. एक शंका. ॲरनचा तो ७१५ वा चेंडू कोणाला मिळाला? आणि आपल्याकडचं कोणी या खेळात पोचलंय का?

दूरदेशी

कट्टेकरी, तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच माणसापाशी येतं.

चेंडू डावीकडच्या कुंपणापलीकडे पडला, जिथे ब्रेव्ह्जचे राखीव पिचर हात मोकळे करत असतात. त्यांच्यातल्या टॉम हाउसने तो झेलला आणि तसाच पळत येऊन होमप्लेटजवळ ॲरनच्या हातात दिला. हा हाउस पुढे पिचिंगचा नामांकित प्रशिक्षक झाला. २००८ मध्ये भारतात वेगाने चेंडू फेकणाऱ्यांची स्पर्धा झाली, तिच्यातून उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघं भालाफेकपटू निवडले गेले. बेसबॉल त्यांनी कधी हातात धरला नव्हता. लॉस एंजेलिसला त्यांना शिकवलं ते याच टॉम हाउसने. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारबद्ध केलं. मेजर लीगपर्यंत ते पोचले नाहीत, पण अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉल खेळणारे पहिले भारतीय तेच.

अटलांटातलं ते जुनं मैदान पाडलं. मी गेलो होतो तेव्हा त्या जागी वाहनतळ होता, पण ७१५ वा जिथून पलीकडे गेला तिथला कुंपणाचा भाग राखून ठेवलेला होता. आजूबाजूला गाड्या, आणि मधोमध निळ्या पाटीवर ७१५. तिथे उभं राहून होमप्लेट कुठे असेल त्याचा अंदाज घ्यायचा, मग अंतर कळतं.

मुळामुठा

पायरेट्सचं नाव निघालं आणि रोबेर्तो क्लेमेंटे राहून चाललाय. पोर्तो रिकोचा. चार वेळा फलंदाजीत पहिला, क्षेत्ररक्षणाचे बारा गोल्ड ग्लव्ह. ३० सप्टेंबर १९७२ ला डबल मारून ३००० वी हिट पूर्ण. मोसम तिथेच संपत आला होता, पुढच्या वर्षी बघू म्हणून आकडा तसाच राहिला. डिसेंबरात निकाराग्वाच्या मानाग्वा शहरात भूकंप झाला. पाठवलेली मदत लोकांपर्यंत पोचत नाही असं कानावर आल्यावर हा ३१ डिसेंबरला स्वतः मदतीच्या विमानात बसला. विमान समुद्रात कोसळलं. हॉल ऑफ फेमसाठी पाच वर्षं थांबण्याचा नियम त्याच्यासाठी बाजूला ठेवला आणि १९७३ मध्येच त्याला घेतलं. समाजासाठी काम करणाऱ्या खेळाडूला दरवर्षी त्याच्या नावाचा पुरस्कार देतात.

कट्टेकरी

दोघांचेही आभार. मग इचिरो आणि ओतानी? हल्ली तीच नावं ऐकू येतात.

आकडेमोड

इचिरो सुझुकी या धाग्यात बसतोच. सत्ताविसाव्या वर्षी अमेरिकेत आला, पहिल्याच मोसमात सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू दोन्ही. २००१ ते २०१० सलग दहा वर्षं दोनशेहून अधिक हिट्स, २००४ मध्ये २६२, जो एका मोसमाचा विक्रम आहे. अमेरिकेत ३०८९ आणि जपानात १२७८ मिळून ४३६७. पीट रोझच्या ४२५६ हिट्सच्या विक्रमाशी ही बेरीज लावायची की नाही यावर लोक भांडतात. माझ्या मते लावू नये, कारण दोन लीग वेगळ्या आहेत, पण इचिरोचं मोठेपण त्यावर अवलंबूनही नाही. २०२५ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी ३९४ पैकी ३९३ मतं मिळाली.

ओतानीने २०२४ मध्ये एकाच मोसमात ५४ होमरन आणि ५९ बेस चोरले, ५०-५० गाठणारा पहिलाच. शिवाय तो पिचर. पाऊसवेडींनी रूथबद्दल जे लिहिलंय ते सगळं पुन्हा डोळ्यांसमोर घडतंय. पण त्याची कारकीर्द अजून चालू आहे आणि हा धागा संपलेल्या कारकिर्दींचा आहे. त्याच्यासाठी वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.